मास्कखालची मिशी

माझ्या घोरण्याबद्दल बायकोची कधीच तक्रार नव्हती. तिला भीती वाटायची ती घोरणं थांबल्यावर. हुबळीतल्या उणकलच्या आमच्या घरात मी घोरायला लागलो की ती निवांत असे. आवाज येतोय म्हणजे माणूस चालू आहे. मध्येच तो आवाज तुटायचा. छाती हलायची, पण श्वास यायचा नाही. मग ती कोपरानं ढोसून मला पुन्हा सुरू करायची. असं कित्येक महिने चाललं. दिवसा मी दुकानात इरकल साड्यांच्या गठ्ठ्याला टेकून डुलक्या काढायचो आणि ती घरी भाजी चिरता चिरता.

शेवटी हॉस्पिटलात एक रात्र अंगाला वायरी लावून झोपवलं. रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत माझा घसा मिटतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, आणि हृदय हे फार वर्षं सहन करणार नाही. उपाय म्हणजे सीपॅप मशीन. ते नळीतून आणि मास्कमधून हवेचा दाब देतं आणि घसा उघडा ठेवतं. रोज लावायचं, झोपाल तेव्हा लावायचं.

बायकोनं एकच प्रश्न विचारला. "हे लावलं तर मी झोपू शकते का?"

"मास्क नीट बसला, तर तुम्ही दोघंही झोपाल," डॉक्टर म्हणाले.

त्यातल्या 'नीट बसला तर'कडे तेव्हा आमचं दोघांचंही लक्ष गेलं नाही.

मशीन विकणारं दुकान हॉस्पिटलांच्या रस्त्यावरच होतं, पण त्याला दुकान म्हणायची सोय नव्हती. दारावर 'लाउंज' लिहिलं होतं. आत मंद दिवे, पाण्याच्या आवाजाची ध्वनिफीत, आणि ऐन उन्हाळ्यात कोट घातलेला एक तरुण विक्रेता. तीन मशीनं काचेच्या चौथऱ्यांवर देवासारखी मांडली होती. त्यानं सगळ्यात मोठ्या पडद्याच्या मशीनवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सर, हे मशीन नाही. हा एक अनुभव आहे."

"अनुभव मला आहे," मी म्हणालो. "म्हणूनच आलोय."

तो हसला नाही. रोज सकाळी मोबाइलवर झोपेचे मार्क येतात, शंभरपैकी, हे त्यानं फार आस्थेनं सांगितलं. सलग चांगले मार्क पडले तर पदकसुद्धा मिळतं म्हणे. नुसतं झोपल्याबद्दल पदक ही कल्पना मला आवडली. आजवर अशी पदकं फक्त मोठ्या हुद्द्यावरच्यांना मिळताना पाहिली होती.

बायको मात्र मुद्द्यावर होती. "ह्यांचा श्वास थांबला तर हे मशीन मला उठवणार काय?"

"नाही मॅडम. पण सकाळी ग्राफमध्ये सगळं दिसतं."

"सकाळी ग्राफ बघून मी काय करू?"

विक्रेत्यानं कोटाचं बटण नीट केलं आणि पुढच्या चौथऱ्याकडे वळला.

कापडाच्या धंद्यात उमर गेल्यामुळे मला एक सवय आहे. साडी दाखवली की मी ती उलटी करून बघतो. पदर कुणीही दाखवतं. धाग्यांची गंमत मागच्या बाजूला असते. मी तिन्ही मशीनं उलटी करायला लावली. फिल्टर कुठून निघतो, पाण्याची टाकी हातानं धुता येते का, वीज जाऊन आली तर ते आपोआप सुरू होतं का, आणि बिघडलं तर हुबळीत दुरुस्त होतं की बेंगळुरूला पाठवावं लागतं, असे माझे प्रश्न होते. पहिलं मशीन एकाच ठरावीक दाबाचं होतं, आणि डॉक्टरांनी तर गरजेप्रमाणे दाब आपोआप कमी-जास्त करणारं लिहून दिलं होतं. म्हणून ते बाद. उरलेली दोन्ही तशी होती. पाठीमागून बघितल्यावर लक्षात आलं की त्यांचं पोट एकच आहे. एकाला रंगीत पडदा, पदकं आणि चामड्याची बॅग जास्त. मी साध्यावर बोट ठेवलं.

"हे जांगडावर द्या."

विक्रेत्यानं हा शब्द ऐकलेला नव्हता. आमच्या बाजारात पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय: माल घरी न्यायचा, घरच्यांना दाखवायचा, पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत. लग्नाचा बस्ता जांगडावर जातो, दागिने जांगडावर जातात. माणसं तेवढी जांगडावर मिळत नाहीत. विक्रेता म्हणाला, तशी पॉलिसी नाही. एवढ्यात आतल्या खोलीतून मालक बाहेर आले. त्यांच्या पायात साध्या चपला होत्या, त्यामुळे मला जरा बरं वाटलं.

"जांगड कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं. त्यांच्या घरी पूर्वी भांड्यांचा व्यापार होता. पुढचं बोलणं सोपं झालं. मशीन आठवडाभर जांगडावर, तीन प्रकारचे मास्क बरोबर. मास्कच्या रबरी उश्या मात्र एकदा तोंडाला लागल्या की आमच्या. रास्त होतं. मी विजयी मुद्रेनं बाहेर पडलो.

तो विजय रविवारच्या दुपारपर्यंत टिकला.

जेवण झाल्यावर मी दिवाणावर आडवा झालो. वडील, म्हणजे आमचे अप्पा, समोरच्या आरामखुर्चीत पेपर घेऊन बसले होते. पंच्याऐंशीच्या पुढचं वय, पण पेपर पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतात. मी नाकावर बसणारा मास्क लावला. झोपताना वाचायची सवय असल्यानं मला चष्म्याला जागा ठेवणारा हाच मास्क हवा होता. बायकोनं पट्टे ओढले, बटण दाबलं, आणि वरच्या ओठापाशी बारीक शिट्टी सुरू झाली.

अप्पा पेपरमधून म्हणाले, "कुकर बंद कर की गं."

पट्टे आणखी ओढले. शिट्टीचा सूर चढला. मग दुसरा मास्क. त्याच्या दोन छोट्या बोंडक्या नाकपुड्यांत बसतात. त्या माझ्या जाड मिशीनं खालून ढकलून बाहेर काढल्या. तिसरा नाक-तोंड दोन्ही झाकणारा. त्याच्या दोन्ही कडांखालून मिशीची टोकं बाहेर आली आणि सुटलेल्या हवेवर फडफडू लागली.

अप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "हा बरा आहे. निदान तोंड झाकतं."

माझी मिशी म्हणजे वरच्या ओठाला घातलेला भरगच्च काठ होता. विसाव्या वर्षापासून ती तशीच होती आणि तिचा मला अभिमान होता हे नाकारण्यात अर्थ नाही. आठवडाभर तिनं एकेका मास्कला हरवलं. हवा बाहेर, शिट्टी चालू, आणि मधून मधून श्वास पूर्वीसारखाच बंद. आता बायकोला जागं राहायला दोन कारणं झाली. डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी मास्ककडे बघितलंसुद्धा नाही.

"ही काढावी लागेल," ते माझ्या ओठाकडे बोट करून म्हणाले.



आमच्यात बाप हयात असताना मुलगा मिशी काढत नाही. ती उतरते एकदाच, बापाला पोचवून आल्यावर. गुळगुळीत ओठ घेऊन बाजारात गेलं की लोक आधी हात जोडतात आणि मग कारण विचारतात. आता, सोवळंओवळं आणि मुहूर्तांवर मी चार लोकांत तासभर बोलू शकतो, आणि बोललेलो आहे. घराची वास्तुशांती मी पेपर वाचत उरकली होती. पण त्या संध्याकाळी आरशासमोर कात्री हातात घेतली आणि बाहेरून अप्पांचं खोकणं ऐकू आलं, तेव्हा सगळी व्याख्यानं घशातच राहिली. मी नुसती टोकं कातरली, वरचा भार कमी केला. कातरलेले केस ब्रशसारखे ताठ उभे राहिले आणि मास्क आधीपेक्षा जोरात वाजू लागला.

बायको तर ऐकायलाच तयार नव्हती. "अप्पांच्या जिवावर उठायचं नाही. साकु."

साकु म्हणजे पुरे. घरात हा कन्नड शब्द आला की चर्चा संपते.

"मग करायचं काय?"

"जांगडच आहे ना? परत देऊन या."

"आणि माझा श्वास?"

"मी आहे की उठवायला."

"किती दिवस जागणार तू?"

"आहे तोवर."

हे ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, मीठ कमी पडलंय म्हणावं तसं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

अप्पांना कमी ऐकू येतं असा घरात समज आहे. तो त्यांनीच पसरवलेला आहे. ते काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आले.

"माझ्या मरणाचं काय चाललंय?"

"अप्पा, तसं काही नाही—"

"नाही कसं? मिशीचं चाललंय म्हणजे माझंच चाललंय." ते स्टुलावर बसले. "म्हणजे आधी मी मरायचं, मग तू मिशी काढायची, आणि मग श्वास घ्यायचा. असंच ना?"

"लोक काय म्हणतील, अप्पा," बायको म्हणाली. "आणि मनाला लागतं."

"लोकांचं मी बघतो." मग ते माझ्याकडे वळले. "बाप गेला तर पोरानं काय उतरवायचं ते सांगून ठेवलंय. पोरगा आधी गेला तर बापानं काय उतरवायचं, ते मला कुणी सांगितलेलं नाही. आणि मला शिकायचंही नाही. उद्या सकाळी कमरीपेठेत जाऊ. मी येतो बरोबर."

कमरीपेठेत आमचं जुनं घर होतं. तिथला न्हावी आमच्या दोन पिढ्यांची डोकी ओळखतो. आम्ही पोचलो तेव्हा अप्पा रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालत मागे राहिले, म्हणून मी आधी आत जाऊन खुर्चीत बसलो.

"काय अण्णा, दाढी?"

"मिशी. पूर्ण."

त्याचा हात थांबला. त्यानं खांद्यावरचा नॅपकिन काढून हातात घेतला, आरशातून माझ्याकडे बघत हात जोडले, आणि भरल्या आवाजात विचारलं, "यावाग?" म्हणजे, कधी?

"ईग बंदे," दारातून अप्पा म्हणाले. आत्ताच आलो.

न्हाव्याच्या हातून नॅपकिन पडला. सगळं समजावून सांगितल्यावरही तो वस्तरा लावायला तयार होईना. "अप्पा समोर बसलेत आणि मी हे करायचं? माझ्या हातून नाही व्हायचं अण्णा. मलाही घरदार आहे."

अप्पा शेजारच्या खुर्चीत बसले. "आधी माझी दाढी कर. गाल ऊन लागला तर मी जिवंत आहे असं समज."

त्यानं खरोखरच केली. गाल ऊन लागला असावा, पण पटलं नसावं. शेवटी अप्पांनी त्याच्या हातातून कात्री घेतली, माझी हनुवटी लहानपणी धरत तशी घट्ट धरली, आणि पहिली कात्री स्वतः मारली. अर्धवटच कातरलं गेलं. "हं. आता तू फक्त साफसफाई करतोयस," ते न्हाव्याला म्हणाले. "दोष लागला तर मला लागू दे."

वस्तरा फिरला. आरशात जो ओठ दिसला त्याची माझी जेमतेम ओळख होती.

तिथून घरी न जाता अप्पा दुकानात आले आणि थेट दर्शनी गादीवर बसले. कित्येक वर्षांत ते तिथे बसले नव्हते. मला कारण पुढच्या काही मिनिटांत कळलं. समोरच्या दुकानातला हमाल मला बघून डोक्यावरची टोपी काढत आला. एक जुना दलाल पायरीवरूनच म्हणाला, "फार वाईट झालं हो, मोठा माणूस—"

"बसा," अप्पा म्हणाले. "चहा घेणार की नुसतंच रडणार?"

दिवसभर त्यांनी स्वतःच्या सांत्वनाला आलेल्यांना चहा पाजला. काहींना इरकलही विकल्या. संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी फिरली की मिशी काढली ती मशीनसाठी, आणि एक-दोन घोरणारे मला बाजूला घेऊन मशीनबद्दल हळूच विचारून गेले. मी लाउंजच्या मालकांना फोन करून कळवलं, माल पसंत आहे, जांगड संपलं, आता सौदा पक्का.

त्या रात्री मास्क ओठावर टेकला आणि नुसता टेकून राहिला. मशीन कुठेतरी लांबून पंखा चालावा तसं कुजबुजत होतं. त्यापुढचं मला काही सांगता येणार नाही. मी झोपलो होतो.

जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन पायापर्यंत आलं होतं. शेजारी बायको गाढ झोपली होती, एक हात माझ्या छातीवर, तोंड जरा उघडं. ती चक्क घोरत होती. लहान, नियमित, न तुटणारं घोरणं. दारात दुधाची पिशवी तशीच असणार. मी हललो नाही.

दार थोडं उघडलं. काठी आधी आली, मग अप्पा.

"चहा नाही आज?"

मी मास्कवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली आणि तिच्याकडे दाखवलं. अप्पांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाले, "झोपू दे. पण मी गेलो असतो तर शेजारच्यांनी चहा तरी आणून दिला असता."

मी तिचा हात हळूच बाजूला ठेवला, मशीन बंद केलं, आणि दूध आणायला उठलो.