काळुरामचा उजवा खांदा

काळुराम भोईरला बायजानं पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो बैलगाडीत उताणा पडून गाडीवानापासून देवापर्यंत सगळ्यांना शिव्या देत होता.

टिटवाळ्याच्या पलीकडे, नदीकाठच्या एका वाडीत बायजाचा बाप धाकू हाडं बसवायचा. कल्याणच्या बाजूला कुणाचा हात मोडला, पाय मुरगळला की गाडी जुंपायची आणि माणूस धाकूच्या ओटीवर आणून टाकायचा, अशी रीतच होती. त्या दिवशी कल्याणला क्रिकेटचा सामना होता. लांबून चेंडू फेकताना ठाण्याच्या संघातल्या ह्या उंच, काळ्याशार माणसाचा उजवा खांदा जागचा सुटला होता. स्वातंत्र्य मिळून तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

धाकूचे गुडघे धरले होते, त्यामुळे जोराचं काम बायजाकडे असे. बापानं खूण केली तशी ती जमिनीवर बसली, टाच रोग्याच्या काखेत रोवली, दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि हिसका न देता, हळूहळू ओढत राहिली. आत काहीतरी गडपकन बसलं. शिव्या थांबल्या.

"पोरीचा पाय लागला म्हणून मनात काही धरू नका," धाकू म्हणाला. "हाडं बसवणाऱ्याचा पाय, तो पाय नसतो. औषध समजा."

"औषध बरं हाय," काळुराम म्हणाला. "परत कवा घेयाला येऊ?"

धाकू हसला नाही, पण बायजा आत जाऊन हसली. पुढे दुखणं नसताना तो दोनदा ओटीवर येऊन बसला, आणि त्यानंतर त्याची आई गंगुबाई सोयरीक घेऊन आली. लग्न झालं, आणि ज्याला बाप औषध म्हणाला होता त्याचा पुन्हा पाय झाला.

सासर ठाण्याला, कोपरीत. घरापासून मिठागर इतकं जवळ की वारा फिरला की ओठावर खारट चव यायची. काळुराम मीठ ओढायचा. लांब दांड्याला फळी बांधलेली असे, तिनं कोंडीतलं, म्हणजे बांध घातलेल्या उथळ वाफ्यातलं, मीठ काठाशी ओढून आणायचं. सगळा भार खांद्यावर. रविवारी त्याचं दुसरं काम होतं. मैदानावर वकिलांच्या, कारकुनांच्या मुलांचा क्लब होता, त्यांच्या खेळपट्टीवर काथ्याची मॅट अंथरायची, ताणायची आणि कडेनं खिळे ठोकायचे. मॅट ढिली राहिली तर चेंडू कसाही उडतो. ती डफासारखी ताणणारा माणूस ठाण्यात एकच होता.

मॅट अंथरून झाली की सरावाला चेंडू टाकायला कुणीतरी लागे, म्हणून त्याला उभा करत. अनवाणीच टाकायचा. मिठाच्या पाण्यानं तळवे इतके राठ झाले होते की बूट दिले तेव्हा त्याला चालताच येईना. क्लबचा कप्तान गुरुदत्त गुप्ते नुकताच वकील झाला होता. त्यानं एका सकाळी काळुरामचे चेंडू खेळून पाहिले, म्हणजे खेळायचा प्रयत्न केला, आणि दुसऱ्या रविवारी त्याला संघात घेतलं. क्लबात कुरबुर झाली. गुरुदत्त म्हणाला, "ज्याला हरकत आहे त्यानं पॅड बांधून समोर उभं राहावं." कुणी उभं राहिलं नाही.

पण नशीब खोडसाळ. पहिल्याच वर्षी मॅटचा खिळा तळव्यात गेला आणि पाय पिकला. पुढल्या वर्षी झेल घेताना बोट मोडलं. त्याच्या पुढल्या वर्षी कल्याणचा तो खांदा. काळुराम धड असेल त्या वर्षी ठाण्याला कुणी हरवणार नाही, असं गुरुदत्त सगळ्यांना सांगायचा. तसं वर्ष मात्र येत नव्हतं.

लग्नानंतर खांदा पहिल्यांदा उतरला तो मिठागरात. डाव्या हातानं उजवा हात धरून काळुराम घरी आला, चेहरा राखेसारखा झालेला. बायजानं दार लावून घेतलं. तिनं पाय उचलला, परत खाली ठेवला.

"काय झालं?" तो म्हणाला. "इसरलीस?"

"तेव्हा तुम्ही कोण होता नि आता कोण आहात."

"आता मरतोय. लाव."

तिनं लावला. खांदा बसल्यावर ती उठली आणि तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. पुढे हा नेमच झाला. काळुराम म्हणायचा, "पायानं लाथ घालायची नि डोक्यानं माफी मागायची. दुसऱ्या बायका निदान एकच काय ते करतात."

गंगुबाईनं एकदा हे पाहिलं. ती ओरडली नाही. त्या दिवशी जेवली नाही, एवढंच. संध्याकाळी म्हणाली, "माझ्या पोराचा हात तुझ्यामुलं हाय, ते मना समजतं. पन गावात दिसलं ना, तर मी तोंड कुठं दाखवू? बाईनं नवऱ्याला पाय लावला, म्हनतील. हात कुनी बघनार नाय."

दिवाळीला धाकू आला. त्यानं जावयाचा खांदा बोटांनी चाचपला, हात मागे नेऊन पाहिला आणि मग बायजाला परसात गाठलं.

"सैल आहे. सैल आहे म्हणूनच त्याचा चेंडू पळतो. हात असा मागे जातो की दुसऱ्या कुणाचा जाणार नाही. पण उतरतो तोही त्यामुळेच. दर वेळी खांद्याच्या वाटीची कड झिजते, पोरी. एक दिवस तू बसवशील आणि तो राहायचा नाही."

"मग?"

"मग हात नुसता अंगाला लागलेला."

बायजानं हे काळुरामला सांगितलं तेव्हा त्यानं खांदा एकदा फिरवून पाहिला. मग म्हणाला, "चेंडू सोडला तरी मीठ हाय ना. मीठ सोडून काय करू?"

म्हणून त्रेपन्न सालच्या थंडीत गुरुदत्त जी बातमी घेऊन आला, ती बायजाला देवानं धाडल्यासारखी वाटली. स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यात ठाण्याची गाठ मुंबईच्या एका संघाशी होती, आणि तो पाहायला एका गिरणीचे साहेब येणार होते. गिरणीचा स्वतःचा संघ होता. त्यांना वेगानं टाकणारा माणूस हवा होता, आणि बदल्यात कापडाच्या गोदामात कायमची नोकरी. गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, ओढायचं काही नाही.

"फक्त एक," गुरुदत्त म्हणाला. "त्या दिवशी खांद्यानं दगा देता कामा नये. दिला तरी साहेबांना दिसता कामा नये."

त्यांचं ठरलं ते असं. मैदानाच्या एका अंगाला पडकी भिंत होती, तिच्यामागे बायजानं उभं राहायचं. खांदा उतरलाच, तर काळुरामनं पोट धरून भिंतीमागे जायचं. लोक काय समजायचं ते समजतील. सामन्याला बायका जात नसत, म्हणून तिनं डोक्यावर भाजीची पाटी घ्यायची, म्हणजे कुणी हटकणार नाही. गंगुबाईला सांगितलं, बाजारात जाते.

त्या सकाळी ऊन कोवळं होतं आणि खाडीवरून बोचरा वारा येत होता. मैदानाभोवती माणसं जमली होती. गिरणीचे साहेब खुर्चीत बसून चहा घेत होते. बायजा भिंतीआडून पाहत होती. तिनं नवऱ्याला असं धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत कधी पाहिलं नव्हतं. कपडे गुरुदत्तचे होते आणि आखूड झाले होते. तिला हसू आलं. आणि मग तो काय करतोय ते तिच्या ध्यानात आलं.

काळुराम मॅट ताणत होता.

सगळ्यांनी सगळा विचार केला होता, पण हा कुणी केला नव्हता. मॅट काळुरामच ताणतो. तो गोलंदाज झाला म्हणून मॅट दुसऱ्या कुणी ताणायची, हे क्लबातल्या कुणाला सुचलं नाही, आणि काळुरामला तर नाहीच. मॅट ढिली राहिली तर आपलाच चेंडू वाकडा जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात. त्यानं टाचा रोवल्या, मॅटची कड मुठीत धरली, मागे झुकून ओढली आणि उजवा खांदा धरून तो गुडघ्यावर आला.

मैदानाच्या मधोमध. दोन्ही संघ भोवती उभे.

बायजा पाटी टाकून निघाली. माणसं बाजूला झाली ती आश्चर्यानं. ती पोहोचली तेव्हा काळुराम दातांवर दात दाबून म्हणाला, "हितं नको. भिंतीमागं चल."

"उठता येतंय?"

त्यानं प्रयत्न केला. नाही आलं.

"वेळ गेला की सुजतो. मग बसत नाही. आडवे व्हा."

"समदी बघतात, बायजा."

"बघू देत. आडवे व्हा."

तो आडवा झाला. तिनं पदर खोचला, बसली, टाच त्याच्या काखेत रोवली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अरे, बायको लाथ घालतेय त्याला," आणि हशा पिकला. तिला तो ऐकू आला, पण तिचं लक्ष मनगटात होतं. ओढ एकसारखी हवी. हिसका बसला तर कड तुटते. खांदा बसला. नेहमीसारखा गडपकन नव्हे; ओल्या मातीत खुंटी शिरावी तसा, मऊ. तो मऊपणा तिला आवडला नाही.

डोकं टेकवायला ती वाकली तेव्हा काळुराम म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आज पुरे."

त्यानं बोटं हलवून पाहिली, हात वर केला. गुरुदत्त त्याला पाणी द्यायला घेऊन गेला. बायजाला कुठे जायचं ते कळेना, म्हणून ती बॅटींच्या पिशव्यांपाशी बसली. साहेबांची खुर्ची तिच्या मागेच होती. थोड्या वेळानं गुरुदत्त तिथे आला.

"गुप्ते, हे दुखणं जुनं दिसतं," साहेब म्हणाले.

"पहिल्यांदाच झालं, साहेब."

"पहिल्यांदा उतरलेला खांदा बाईच्या पायाला असा ओळखत नाही." साहेबांचा आवाज चढला नव्हता. "सामना पाहतो, मला आज सुट्टी आहे. नोकरीचं मात्र डोक्यातून काढा. मला वर्षभर टिकणारा हात हवा."

साहेब कप ठेवायला उठले. गुरुदत्त पुढे होऊन बायजापाशी वाकला.

"ऐकलंत?" तो हळूच म्हणाला. "बायजाबाई, सामना संपेपर्यंत त्याला सांगू नका. माझी विनंती आहे. तो नोकरीसाठी जीव तोडून टाकेल, आणि त्यानं तसं टाकलं तर आपण जिंकू. पुन्हा इथवर आम्ही कधी पोहोचू मला माहीत नाही."

गुरुदत्त वाईट माणूस नव्हता. त्यानंच काळुरामला संघात घेतलं होतं, त्यानंच साहेबांच्या दारात खेटे घातले होते. म्हणून बायजा तिथेच बसून राहिली. नाणेफेक झाली. ठाण्याला आधी गोलंदाजी मिळाली. काळुराम चेंडू घेऊन पावलं मोजत लांब गेला, वळला, आणि वळताना साहेबांच्या खुर्चीकडे एक नजर टाकली. ती नजर बायजानं पाहिली.

ती उठून चुन्याची रेघ ओलांडून आत गेली. आता लोक हसलेही नाहीत. एकदा आत आलेली बाई दुसऱ्यांदा येणारच, असं त्यांनी धरलं असावं.

"नोकरी गेली," ती त्याला म्हणाली. "साहेबांनी पाहिलं. मला पाय लावताना."

काळुराम चेंडू हातात फिरवत राहिला.

"नसतास लावला तर?"

"तर हात गेला असता."

"आनि आता टाकला तर?"

"आज तो मऊ बसला. पुन्हा उतरला तर मला बसवता यायचा नाही. माझ्या बापालाही नाही."

गुरुदत्त धावत आला होता. "बाई, मी तुम्हाला सांगितलं होतं," एवढंच म्हणाला आणि थांबला.

काळुरामनं मैदानाकडे पाहिलं, ताणलेल्या मॅटकडे, समोर बॅट टेकून वाट पाहणाऱ्या मुंबईच्या फलंदाजाकडे. मग बायकोकडे वळून, कप्तान शेजारी उभा असताना, त्यानं तिलाच विचारलं.

"एक ओव्हर टाकू? एकच. मग चेंडू देऊन टाकतो."

तिला नाही म्हणायचं होतं. "टाका," ती म्हणाली.

पहिला चेंडू कुणाला दिसलाच नाही. यष्टिरक्षकाच्या हातात आवाज झाला तेव्हा लोकांना कळलं. दुसऱ्यावर फलंदाज मागे सरकला. बायजा परत पिशव्यांपाशी येऊन बसली होती; तिला खेळ कळत नव्हता. ती फक्त उजव्या खांद्याकडे पाहत होती. हात मागे गेला की तिचा श्वास अडकायचा आणि पुढे आला की सुटायचा. पाचव्या चेंडूवर मधली दांडी उडून लांब पडली, आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. बायजाही उठली, कारण काय झालं ते तिला समजलं नव्हतं आणि तिला वाटलं, हात गेला. सहावा चेंडू टाकून काळुराम थेट गुरुदत्तकडे गेला आणि त्याच्या हातात चेंडू ठेवला. दिवसभर त्यानं पुन्हा चेंडू टाकला नाही. ठाणं हरलं.

परतताना मागून कोपरीतली माणसं येत होती. कुणी म्हणालं, बायकोनं घात केला. कुणी म्हणालं, पायानं केला. काळुराम वळला नाही. घरी गंगुबाई उंबऱ्यात बसली होती. तिच्यापर्यंत गोष्ट आधीच पोहोचली होती. तिनं आधी मुलाच्या हाताकडे पाहिलं, बोटं हलतात ना ते पाहिलं, आणि पानं घ्यायला आत गेली.

जेवणं झाल्यावर बायजा वाटीत तेल कोमट करून घेऊन आली. खांदा उतरला की रात्री ती तेल चोळून द्यायची.

"आज नको," काळुराम म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

असं पुष्कळ दिवस चाललं. तो मिठागरात जायचा, डाव्या हातावर भार घेऊन ओढायचा, घरी यायचा. मॅट ताणायला कुणी बोलवायला आलं की आतूनच नाही म्हणायचा. त्यानं तिला दोष दिला नाही. दिला असता तर तिला सोपं गेलं असतं. आपण सांगितलं ते बरोबर केलं की नाही, हे भाकरी थापताना, पाणी भरताना ती स्वतःला विचारत राहायची. दर वेळी उत्तर निराळं यायचं. तेलाची वाटी मात्र ती रोज कोमट करायची आणि रोज परत ठेवायची.

शिमगा उलटून गेल्यावर एका संध्याकाळी तो कामावरून आला, अंगावरचं मीठ धुतलं आणि तिच्यासमोर पाटावर येऊन बसला. पाठ तिच्याकडे, सदरा काढलेला.

"जागेवर हाय का, बघ जरा," तो म्हणाला.

तिनं वाटी घेतली आणि खांद्याच्या कडेवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली.