बर्फाखालचा ओढा

ऑर्व्हिल स्कोग्लुंडनं चौतीस वर्षं काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवली. पडलेला बर्फ बाजूला सारायचा आणि खाली रस्ता कुठं आहे ते लोकांना दाखवून द्यायचं, एवढंच त्याचं काम. अशा माणसानं स्वतःचं घर मात्र बर्फाखाली काय आहे ते न बघता घेतलं, ही गोष्ट हॅलस्टनमध्ये अजून सांगितली जाते. सगळ्यांत रंगवून ती खुद्द ऑर्व्हिलच सांगतो.

१९८१ सालचा जानेवारी होता. ब्रेंटला पाच पूर्ण झाली होती, म्हणजे तसा उशीरच झाला होता. मिनियापोलिसच्या उत्तरेकडच्या या उपनगरांत मूल कुठल्या संघातून बर्फावरची हॉकी खेळणार हे त्याच्या पायांवर नव्हे, आईबापांच्या पत्त्यावर ठरतं. ज्या गावात घर, त्या गावची शाळा आणि त्याच गावचा संघ. त्यामुळे लग्न ठरवताना केली नसेल एवढी चौकशी आमच्याकडची माणसं घर घेताना करतात.

टॅमरॅक हाइट्स आणि हॅलस्टन ही दोन गावं एकमेकांना चिकटून, मधे फक्त एक ओढा. टॅमरॅककडं छपराखालच्या दोन रिंक, म्हणजे बर्फाची मैदानं, होत्या, आणि त्यांच्या शाळेचा संघ चारदा राज्य स्पर्धेला जाऊन आला होता. हॅलस्टनकडं पाण्याच्या टाकीखाली एक उघडी रिंक आणि तिच्या कडेला स्केट चढवायला एक लाकडी खोली होती. खोलीत शेगडी होती. राज्य स्पर्धा हॅलस्टनही चुकवत नसे. शेगडीशेजारी टीव्ही होता.

ऑर्व्हिलला टॅमरॅकच हवं होतं, आणि त्याला कारण होतं. तो वर उत्तरेच्या खाणींच्या गावातला, शाळेच्या संघाचा गोलरक्षक. सतराव्या वर्षी, मैदानाच्या मध्यावरून सावकाश घसरत आलेली, या खेळात चेंडूऐवजी असते ती रबरी चकती त्याच्या दोन पायांमधून गेली आणि त्याच्या गावाची राज्य स्पर्धा हुकली. राज्य स्पर्धेच्या बर्फावर एकदा तरी कुणी स्कोग्लुंड उतरलेला बघायचा, असं त्यानं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. हे तो कुणाला सांगत नसे. गावाकडं गेला की त्याला ती चकती किती सावकाश आली होती ते लोक आपणहून सांगत.

त्याची बायको मार्लिस दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. शाळा पारखायची तिची स्वतःची रीत होती. ती शाळेच्या वाचनालयात जायची, आठदहा पुस्तकं काढायची आणि मागच्या पानावरच्या तारखांचे शिक्के बघायची. पुस्तकं कोरी निघाली तर ती शाळा बाद.

"टॅमरॅकचं वाचनालय कसं वाटलं?" ऑर्व्हिलनं विचारलं होतं.

"स्वच्छ आहे," मार्लिस म्हणाली. "ढालींचं कपाट त्याहून मोठं आहे."

"मग चांगलंच की."

"हो ना," ती म्हणाली.

घर दाखवायला पर्ल हॅन्सविक नावाच्या बाई होत्या. आजवर कुणाचंही मन न दुखावल्याबद्दल त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती. घर ठीक होतं. मागच्या परसात एक लांबट खोलगट पट्टा होता, बर्फानं काठोकाठ भरलेला. ऑर्व्हिलनं बरोबर आणलेली हॉकीची काठी त्यात खुपसली. काठी मुठीपर्यंत आत गेली.

"हा बघा ओढा," तो म्हणाला. "टॅमरॅक पुढच्या बाजूला, ओढा घरामागं, म्हणजे घर टॅमरॅकमध्ये. बरोबर?"

पर्लबाईंनी त्या खळग्याकडं पाहिलं. मग घराच्या पुढच्या बाजूला, रस्त्यापलीकडच्या सपाट पांढऱ्या पट्ट्याकडं पाहिलं. "बर्फातलं तुम्हाला जास्त कळणार," त्या म्हणाल्या. "तुमचा तर तो रोजचा धंदा."

माणूस चुकतोय हे आमच्याकडं याहून कडक शब्दांत सांगत नाहीत. एरवी कुणीही तो इशारा ओळखला असता. पण ऑर्व्हिलला हवं ते उत्तर मिळालं होतं. शिवाय तिथलं टपाल टॅमरॅकच्या पोस्टातून यायचं, त्यामुळे पत्त्यातही टॅमरॅकच होतं.  मार्लिसनं काढलेला हातमोजा पुन्हा चढवला.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला. रविवारी सकाळी कॉफीचा पेला घेऊन ऑर्व्हिल पुढच्या पायरीवर आला तेव्हा रस्त्यापलीकडून खळखळ ऐकू येत होती. तो मागच्या परसात गेला. तिथं एक कोरडा खड्डा होता आणि त्यात कुणाची तरी जुनी घसरगाडी. तो परत पुढं आला.

"मार्लिस, ओढा समोर आहे."

"हो का," आतून आवाज आला.

"म्हणजे आपण हॅलस्टनमध्ये आहोत."

"अंडी किती टाकू?"

ऑगस्टमध्ये तरीही तो टॅमरॅकच्या संघात ब्रेंटचं नाव घालायला गेला. तिथल्या बाईंनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली आणि खरोखर वाईट वाटून मान हलवली. घराच्या दारापासून ओढा बावीस पावलं होता. ऑर्व्हिलनं ती पावलं पुढं अनेकदा मोजली. दरवेळी बावीसच भरली.

घर विकून ओढ्यापलीकडं जाऊ, असं तो पहिली काही वर्षं म्हणत राहिला. "बघू की पुढच्या वर्षी," मार्लिस म्हणायची. तोवर त्या खड्ड्याचं काहीतरी करायला हवं होतं. डिसेंबरात त्यानं कडेनं फळ्या ठोकल्या आणि संध्याकाळच्या जेवणानंतर नळी लावून पाणी सोडलं. पाणी जागच्या जागी राहिलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक थर, तिसऱ्या दिवशी आणखी एक. सपाट परसात रिंक करणाऱ्यांचं पाणी शेजाऱ्याकडं पळतं; ऑर्व्हिलचा खड्डा मुळातच थाळीसारखा. आठवड्याभरात असा बर्फ धरला की ओढ्यापलीकडची टॅमरॅकची पोरं, छपराखालच्या दोन-दोन रिंक सोडून, स्केट गळ्यात अडकवून यायला लागली. मार्लिस त्यांना गरम चॉकलेट द्यायची आणि जाताना प्रत्येकाला विचारायची, सध्या काय वाचतोस म्हणून. बरीच पोरं मग मागच्या कुंपणावरून जाऊ लागली.

ब्रेंट बारा वर्षं हॅलस्टनकडून खेळला. टॅमरॅककडून ते कधी नऊ-एक हरले, कधी अकरा-शून्य. दर सामन्यानंतर ऑर्व्हिल बाहेर गाडीत इंजिन चालू ठेवून बसलेला असायचा आणि ब्रेंट आत शिरला की म्हणायचा, "तसं वाईट नव्हतं." चौऱ्याण्णव साली, शाळेच्या शेवटच्या वर्षी, हॅलस्टननं टॅमरॅकला जादा वेळेपर्यंत ओढलं आणि चार-तीन असं हरलं. त्या दिवशी ऑर्व्हिल गाडीत काहीच बोलला नाही. घर आल्यावर म्हणाला, "बावीस पावलं." मार्लिसनं ताटं वाढली होती. बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांचा थर दिलेला हॉटडिश होता. ब्रेंटनं तीनदा घेतला आणि मग कुठलंसं पुस्तक घेऊन वर गेला.

पुढं कुणीही घरी आलं की ऑर्व्हिल ही ओढ्याची गोष्ट सांगायचा. काठी, पर्लबाई, घसरगाडी, पावलं, सगळं. शेवटी म्हणायचा, "तर असं हे चुकून घेतलेलं घर."

मार्लिसला जाऊन तीन वर्षं झाली तेव्हा ब्रेंटनं ॲरिझोनाहून फोन केला. त्याला इकडं नोकरी मिळाली होती. ते परत येणार होते. मुलगी ग्रेटा आठ वर्षांची, गोलरक्षक. "आम्ही जानेवारीत घरं बघायला येतोय, बाबा."

"जानेवारीत नका बघू," ऑर्व्हिल म्हणाला, आणि दोघंही हसले. फोन ठेवल्यावर तो मागं गेला आणि रिंकवर आणखी एक थर सोडला. एकाहत्तराव्या वर्षीही दर डिसेंबरात फळ्या ठोकत होता. कुणासाठी, असं शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणायचा, खड्डा पडून आहे म्हणून.

ती मंडळी आली. ग्रेटा कोट न काढताच मागच्या रिंकवर गेली. ब्रेंट स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक उघडून बसला. सात उपनगरं, प्रत्येकाच्या शाळेचे गुण, मुलींचे संघ, रिंकपासूनचं अंतर. आता घराचा पत्ता टाकला की हद्द आपोआप रंगून येते. काठी खुपसायला नको.

"टॅमरॅक पहिलं दिसतंय," ब्रेंट म्हणाला.

"तसं वाईट नाही," ऑर्व्हिल म्हणाला. यादी त्यानं वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. "हॅलस्टन नाही यात."

"तूच म्हणतोस ना बाबा, चुकून घेतलं. जन्मभर ऐकलंय मी."

"म्हणतो खरं."

हॅलस्टनच्या मुलींच्या संघाला यंदा गोलरक्षकच नाही, हे ऑर्व्हिलला ठाऊक होतं. दर शनिवारी तो शेगडीच्या खोलीतून त्यांचे सामने बघायचा. पण ते सांगणं म्हणजे गळ घालणं झालं असतं. त्यानं लिंबाच्या गोड वड्यांचा डबा पुढं सरकवला. ब्रेंट नको म्हणाला. ऑर्व्हिलनं परत विचारलं, ब्रेंट परत नको म्हणाला; तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानं दोन घेतल्या. आमच्याकडं पहिली दोन निमंत्रणं रीत म्हणून असतात. तिसरं खरं.

सून किर्स्टन ओट्याजवळ मार्लिसच्या पाककृतींची पेटी चाळत होती. ग्रेटाला आजीच्या रानतांदळाच्या सुपाची कृती हवी होती. त्या कार्डामागून एक चार घड्यांचा कागद निघाला.

"हे काय आहे?" ती म्हणाली. "हॅलस्टन शाळेची हद्द, नव्या पालकांसाठी. वाचनालयाचा शिक्का आहे. सोळा जानेवारी, एक्क्याऐंशी."

"घर आम्ही चोवीसला घेतलं," ऑर्व्हिल म्हणाला.

तिनं नकाशा टेबलावर पसरला. ओढा निळ्या शाईनं गिरवलेला होता. त्याच्या अलीकडं, हॅलस्टनच्या बाजूला, एक फुली. फुलीशेजारी मार्लिसचं बारीक, तिरपं अक्षर: पुस्तकं झिजलेली. हेच घर.

 मागून चकती फळीवर आपटल्याचा आवाज येत होता.

"म्हणजे आईला माहीत होतं," ब्रेंट म्हणाला.

"पस्तीस वर्षं ती गोष्ट मी तिच्यासमोर सांगत होतो."

"आणि त्या काय करायच्या?" किर्स्टननं विचारलं.

"कॉफी वाढायची."

ऑर्व्हिलनं फुलीवर बोट ठेवलं आणि काढलं नाही. मग बोटाकडं बघतच म्हणाला, "हे घर तुम्ही घ्या. मी टाकीजवळच्या त्या छोट्या घरांत जातो. तिथं जिना नाही."

"छे, नको बाबा," ब्रेंट म्हणाला.

"घ्या की."

"अरे, उगाच तुला त्रास."

ऑर्व्हिल थांबला. बाहेर ग्रेटानं काहीतरी अडवलं असावं. स्वतःशीच काठी आपटत होती. दोनदा विचारून गप्प बसणं त्याला आयुष्यभर जमलं होतं.

"घर घ्या," तो म्हणाला. "ते चुकून घेतलेलं नाही."

ब्रेंटनं किर्स्टनकडं पाहिलं. किर्स्टननं नकाशाची घडी घातली, ती पेटीत परत न ठेवता आपल्या पिशवीत टाकली आणि कोट उचलला.

"त्या शाळेचं वाचनालय आता बघू देतील का?" तिनं विचारलं.

"ते मला कसं ठाऊक असणार," ऑर्व्हिल म्हणाला. "वाचनालयं मार्लिस बघायची. माझ्याकडं ओढा होता."