अण्णांची पिवळी तारीख

भूपालअण्णांवर मी अजून चिडलेली आहे.

गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणू देत.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून ऑफिसच्या ग्रुपवर सगळे हात जोडलेले इमोजी टाकतायत. मला टाकवेना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोल्हापुरात माझी छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. मंगल कार्यालयांचं बुकिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. अण्णा आमचे सपोर्टवाले. आधी त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता, त्यामुळं प्रत्येक हॉलवाला त्यांना ओळखायचा.

आमचं जुनं सॉफ्टवेअर हॉलच्या ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालायचं. काही बदल केला की अण्णा पेनड्राइव्ह खिशात घालून एसटीनं निघायचे. आज मुरगूड, उद्या हुपरी.

त्यात कॅलेंडरला तीन रंग होते. लाल म्हणजे बुकिंग पक्कं. पांढरं म्हणजे मोकळं.

आणि पिवळं म्हणजे "बोलणं झालंय".

पिवळा अण्णांनी हट्टानं घालून घेतलेला. अॅडव्हान्स नाही, पावती नाही, नुसतं बोलणं. पण त्या तारखेला हॉलवाला दुसऱ्या कुणाला हॉल द्यायचा नाही.

मग आम्ही क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर जायचं ठरवलं. मालकांना मोबाइलवर बुकिंग हवं होतं. लग्नसराईत गर्दी झाली की सर्व्हर आपोआप वाढणार, सराई संपली की कमी होणार. मी मीटिंगमध्ये अर्धा तास समजावलं.

अण्णा म्हटले, "म्हंजे पंगत बघून पत्रावळ्या टाकायच्या. कळलं की!"

पण पिवळ्यावरून आमचं वाजलं.

आता कॅलेंडर सगळ्यांना ऑनलाइन दिसणार होतं. मी नियम केला, होल्ड अठ्ठेचाळीस तास. अॅडव्हान्स आला नाही तर तारीख आपोआप मोकळी.

"मॅडम, आपल्यात लगीन बोलण्यावर ठरतंय. मामा येणार, काका येणार, घर बघणार. अठ्ठेचाळीस तासांत आमच्यात चहाबी पिऊन हुईत न्हाय!"

"अण्णा, स्केल करायचं, शेकडो हॉल सांभाळायचे, तर सगळ्यांना नियम एकच. बास."

"तुम्ही म्हणताय तर करूया की."

झालं. विषय संपला. माझ्यासाठी संपला.

जुलैमध्ये हुपरीजवळचा एक हॉल क्लाउडवर आला. त्याच्या सगळ्या पिवळ्या तारखांचे अठ्ठेचाळीस तास त्या दिवसापासून सुरू झाले.

अण्णा तेव्हा गगनबावड्यात होते. माझ्याच कामाला. धो धो पाऊस आणि नेटवर्कच्या नावानं बोंब. कुठून तरी त्यांचा फोन लागला.

"मॅडम, उद्या हुपरीला जाऊन येऊ का? घरचं काम हाय."

मी म्हटलं, "आधी गगनबावडा उरका."

कसलं काम, एवढंसुद्धा विचारलं नाही मी.

तिसऱ्या दिवशी हॉलच्या मालकांचा फोन. "काय वो मॅडम, माझी पिवळी घरं कुटं गेली?"

गेली होती. सगळी पांढरी झाली होती. त्यातली डिसेंबरची एक तारीख पुण्याच्या पार्टीनं ऑनलाइन घेऊन टाकली होती. अॅडव्हान्ससकट.

ती तारीख अण्णांच्या मुलीच्या, सायलीच्या लग्नाची होती.

अण्णा ऑफिसात आले. "मॅडम, सायलीची तारीख गेली."

आणि मी काय केलं? सिस्टिमच्या नोंदींचा लॉग उघडून दाखवला! नियमाप्रमाणं झालंय, सिस्टिम बरोबर चाललीय, म्हटलं.

"व्हय. बरोबरच चाललीय," म्हणाले आणि चहाला गेले.

अहो, ओरडायचं ना! टेबलावर हात आपटायचा! कोल्हापूरचा माणूस आणि एवढा गप्प?

दोन्ही घरांना जमेल अशी पुढची तारीख मेमधली मिळाली.

डिसेंबरच्या त्या तारखेला अण्णा धडधाकट होते. माझ्यासमोर बसून त्यांनी डबा खाल्ला. मला वांगं वाढलं.

एप्रिलमध्ये हार्ट अटॅक. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

ठरलेली तारीख म्हणून मेमध्ये सायलीचं लग्न साधेपणानं झालं. कन्यादान चुलत्यांनी केलं. मी गेले होते. जेवताना शेजारी नवऱ्यामुलाचे काका होते.

"बापानंच आधीची तारीख घालवली बघा. न्हायतर पोरीचं लगीन बघून तरी गेला असता."

मी विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तेनीच की! घरी येऊन हात जोडले. म्हटले, हॉलवाल्याला सांगायचं माझ्याच ध्यानातनं गेलं."

नंतर सायलीला विचारलं. ती म्हणाली, "पप्पा म्हणायचे, सॉफ्टवेअर नवीन हाय. पयल्याच महिन्यात नाव खराब झालं तर हॉलवाले परत वहीवर जातील. मॅडमनी सात वर्सं घातल्यात या धंद्यात."

त्या पंगतीत मी काय करायला हवं होतं? उठून काकांना सांगायला हवं होतं.

मी जेवले. आहेर दिला. घरी आले.

पिवळा रंग आता परत घातलाय. मालक स्वतः काढत नाही तोवर तारीख धरलेली राहते. किती काम होतं माहितीय? एका दुपारचं. फक्त एका दुपारचं! डोंबलाचं स्केलेबल.

परवा सायलीचा फोन आला होता. सासरी कुणी काही विसरलं की अजून म्हणतात, "बापावर गेलीस."

म्हणून ही पोस्ट. सायलीला विचारून तिला टॅग केलंय.

तिच्या सासरच्या मंडळींनो, नीट वाचा. तिच्या वडिलांच्या ध्यानातून काहीही गेलं नव्हतं. ते तारीख पक्की करायला निघाले होते. मी त्यांना जाऊ दिलं नाही. तारीख मी घालवली. त्यांनी माझ्यासाठी तुमच्यासमोर हात जोडले, आणि मी तुमच्याच पंगतीत गप्प बसून जेवले.

पुन्हा कुणी त्या पोरीला बोललं तर मला फोन करा. मी घरी येऊन सांगेन.

अण्णा, हे सांगायला मला वर्ष लागलं.

माफ करा. नमस्कार.