सीटवरचं वजन

मिस्तरींच्या गॅरेजात एक नियम होता. चाकांना धरून ठेवणाऱ्या दांड्यांत रबराचे बुश असतात. ते बदलले की गाडी हवेत टांगलेली असताना बोल्ट आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उतरवायची, ती चालवणाऱ्या माणसाला सीटवर बसवायचं, आणि मग गाडीखालच्या खड्ड्यात उतरून शेवटचा हात मारायचा. नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. बाकीचे कारागीर याला खूळ म्हणत. मिस्तरी म्हणत, "चप्पल शिवायची तर पाय लागतोच की."

थोरल्या भावाची लाल दोन सीटांची गाडी त्यांनी याच रीतीनं तीनदा उभी केली होती. ती गाडी म्हणजे दादाच्या आयुष्यातलं एकमेव वेड. तीस वर्षं एकाच कार्यालयात फायली सरकवलेला सरळमार्गी माणूस. घरात माणसं तीन असताना हा जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आला आणि वहिनी महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. गाडीतलं दादाला ओ की ठो कळत नव्हतं. पण बुश बदलायचे झाले की तो पेपर घेऊन सीटवर बसे, मिस्तरी खाली खड्ड्यात, आणि दोघा भावांच्या गप्पा गाडीच्या तळातून चालत. समोरासमोर आले की दोघांच्याही तोंडाला कुलूप. वडिलांचं आजारपण, मिस्तरींचं मोडलेलं लग्न, सगळं त्या पत्र्यातूनच बोलून झालं होतं.

दादाला जाऊन आठ महिने झाले. गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात उभी होती. दादाच्या मुलीला, ठकीला, दुसऱ्या गावी नोकरी लागली होती आणि वडिलांची गाडी तिला सोबत न्यायची होती. पण रस्त्यावरच्या खड्ड्यांतून जाताना गाडी नाव हलावी तशी हलायची, वळताना एका अंगावर झोपायची. अशी ती लांब नेण्यात अर्थ नव्हता. मिस्तरी आज करतो, उद्या करतो म्हणत राहिले. कधी सामान यायचं असे, कधी कंबर धरलेली असे. खरं म्हणजे गाडी गेली की दादाचं म्हणून काही आपल्याजवळ उरणार नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं. शेवटी ठकीनं निक्षून सांगितलं, "काका, रविवारी मी निघतेय. गाडी झाली तर झाली. नाहीतर बसनं जाईन आणि पुन्हा विचारणार नाही."

मग मात्र मिस्तरी तीन दिवस गाडीला भिडले. चारही शॉकअप तेल गाळून मोकळे झाले होते. हातानं दाबले की दाबलेलेच राहत. स्प्रिंगा बसल्या होत्या. एक बोल्ट गंजून असा धरला होता की करवतीनं कापावा लागला. जुनं सगळं काढून नवं चढवलं आणि शनिवारी दुपारी गाडी खड्ड्यावर चाकांवर उतरवली. सवयीनं "बस रे दादा" असं तोंडून निघून गेलं. मग कोपऱ्यातून वाळूच्या पिशव्या ओढून आणल्या, काट्यावर तोलल्या, चार पिशव्या सीटवर ठेवल्या आणि खाली उतरून सगळे बोल्ट आवळून टाकले.

चारच्या सुमाराला ठकी आली. तिनं दार उघडून आत पाहिलं.

"हे काय, काका?"

"तुझ्या बाबाचं वजन. चौऱ्याऐंशी किलो."

"पण चालवणार मी ना?"

लोकांना चाळीस वर्षं शिकवलेला नियम मिस्तरींनी स्वतःच मोडला होता, आणि बोल्ट आवळताना त्यांना त्यात काहीच खटकलं नव्हतं. ते मुकाट्यानं पाना घेऊन खड्ड्यात उतरले. ठकीनं एकेक पिशवी उतरवली आणि स्वतः सीटवर बसली. मिस्तरी बोल्ट ढिले करू लागले.

"चौऱ्याऐंशी कधीचे, काका?" वरून तिचा आवाज आला. "शेवटी एक्केचाळीस होते. पाठ पुसायला मी त्यांना एकटी उठवायचे."

पाना थांबला. दवाखान्यात मिस्तरी एकदाच गेले होते, पहिल्या आठवड्यात. तेव्हा दादा उशीला टेकून चेष्टा करत होता. पुढे कधी या गाडीचं काम निघालं, कधी त्या.

"मला कळवायचंस तरी," ते म्हणाले.

"फोन केला होता की. शेवटच्या गुरुवारी. बाबांनीच करायला लावला. तुम्ही म्हणालात, गाडी वर टांगलीय, उतरवली की येतो."

मिस्तरींना तो गुरुवार आठवत होता. हात धुऊन, पुसून, ते दिवसभर स्टुलावर बसून होते. उठवत नव्हतं. आडदांड भावाला खाटेवर पडलेला पाहायची छाती होत नव्हती.

"ठकी," ते पत्र्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी गॅरेजात एकही गाडी नव्हती."



"बाबा संध्याकाळी सातपर्यंत वाट बघत होते," ठकी म्हणाली. "मला सांगून खाट दाराकडे फिरवून घेतली होती."

मिस्तरींनी पाना पुन्हा बोल्टला लावला.

"सरळ बस," ते कसंबसं म्हणाले. "हलू नकोस."

ठकी हलली नाही, आणि मिस्तरी खाली रडत रडत एकेक बोल्ट पुन्हा आवळत गेले.