नर्मदाफुईचं जितं वावर

धुळ्याला शाळेची मधली सुट्टी नुकतीच संपली होती, तेव्हा शहाद्याच्या मोटारीचा क्लीनर निरोप घेऊन आला. "कळसाडीनी नर्मदाफुई गयी, बाई. परवदिन अग्नी बी व्हई गया. आबानी सांगं शे, दहाव्याले येवानं." एवढं सांगून तो पान खायला गेला. मी मुलींना पाढे लिहायला दिले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही, राग आला. माणूस गेल्यावर दोन दिवसांनी कळवायचं, आणि कारण काय, तर म्हणे नाल्याला पूर होता, वाट बंद होती! आता महिना उलटून गेला, तो राग अजून उतरलेला नाही. म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात. नर्मदाफुई ही माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, थोरली बहीण. विशीच्या आत कुंकू पुसून ती माहेरी आली ती कायमची. भावाच्या घरात दोन वेळचं जेवण आणि वर्षाची दोन लुगडी मिळत होती, पण तिला फुकटचा घास गिळत नसे. तिने कसायला वावर, म्हणजे शेत, मागितलं. आबांनी नाल्याकाठची एक पट्टी तिला तोडून दिली, म्हणजे चार माणसांसमोर तोंडाने दिली. आमच्याकडे बहिणीला जमीन अशीच देतात. तलाठ्याकडे कोणी जात नाही आणि बहिणीनेही तसं म्हणायचं नसतं. म्हटलं तर ती भावावर अविश्वास दाखवते, असं होतं. ती पट्टीही अशी की कोणाला हेवा वाटू नये. खारवट जमीन, उन्हाळ्यात वर पांढरा पापुद्रा यायचा, शेळीसुद्धा तिथे तोंड घालत नसे.

फुईने आधी पाणी निघून जायला चर खणला आणि मग शेणाच्या मागे लागली. आता शेण म्हणजे बायकांच्या राज्यातली वस्तू. हिवाळ्यात आमच्या गावच्या भिंती गोवऱ्यांनी भरून जात. फुई पहाटेच गोठ्यात जाऊन शेणाची टोपली उचलायची आणि माझी माय चुलीपुढून ओरडायची, "वं बाई, सयपाक काय मन्हा हातपाय जाळीसन करू?" या दोघी नणंद-भावजया शेणावरून जेवढ्या भांडल्या, तेवढ्या कशावरूनच भांडल्या नाहीत. शेवटी फुई वावरातून जळणाला कापसाच्या पऱ्हाट्यांचे भारे आणून मायपुढे टाकू लागली, तेव्हा कुठे तह झाला. शेण, गोठ्यातला केरकचरा, राख, धसकटं यांचे थर ती खड्ड्यात घालायची, पाणी शिंपायची, मधूनमधून उलथायची. वास पूर्ण गेल्याशिवाय त्यातली मूठसुद्धा वावरात जाऊ द्यायची नाही. आबा तिला चिडवायचे, "नर्मदाबाईनं लोनचं मुरी ऱ्हायनं."

तिची एक सवय होती, ती मी दुसऱ्या कोणाजवळ पाहिली नाही. खत घातलेल्या जागेवर ती ओलं गोणपाट पसरून ठेवायची आणि सकाळी एका बाजूने हळूच उचलून खाली कोण आलंय ते बघायची. सुरुवातीची काही वर्षं खाली मुंग्या सोडून कोणी नसायचं. मग एकदा तिने मला हाताला धरून नेलं. गोणपाटाखाली रव्याच्या कणाएवढे पांढरे जीव टणाटण उडत होते. पुढे शंभर पायांच्या वाणी आल्या, बारीक लाल किडे आले, ज्यांना आमच्याकडे नावच नाही असे कितीतरी आले, आणि सगळ्यांच्या शेवटी गांडुळं आली. त्या दिवशी फुईने घरात गुळाचा शिरा केला. माय म्हणाली, "कसाना सण शे आज?" तर म्हणे, "पाहुना उनात." मी लहानपणी एकदा विचारलं होतं की एवढं खत घालतेस ते ज्वारीच्या मुळांना कसं खाता येतं. ती हसली. "खात जवारीले नही देतस वं माय. खात यास्ले देनं पडस. ह्या रांधतस, मंग जवारी जेवस." पुढे मी ट्रेनिंग कॉलेजात गेले, पुस्तकं वाचली, पण जमीन म्हटलं की मला आजही एक मोठं स्वयंपाकघरच दिसतं, ज्यात कोणीतरी खाली मान घालून राबतंय. तेही बहुतेक बाईच असावी.

दहा-बारा वर्षांत ती पट्टी अशी झाली की नांगरामागे काळी, भुसभुशीत ढेकळं उलटायची आणि बगळ्यांची रांग लागायची. कापूस तर गावात पहिल्या नंबरचा. आणि मग, आणखी पुष्कळ वर्षांनी, आबांना ऊस सुचला. विहीर नाल्याजवळ होती, पाणी देणं सोपं होतं, मध्ये येत होती ती फक्त फुईची पट्टी. आबा काही दुष्ट माणूस नव्हेत, हे मी मुलगी म्हणून नाही, खरं म्हणून सांगते. ते बहिणीशी गोडच बोलले. "तुले वरली मुरमाड पट्टी देस. तू तीबी सुधारी लेशी, तुन्हा हात गुनना शे." म्हणजे बघा, जमीन तिची नव्हती, पण हात तेवढे तिचे होते! फुईने पदर खोचला. मग म्हणाली, "माले तठली माटी लागी. थोड्या टोपल्या." आबा मोठ्याने हसले, म्हणाले, "ले ना! जितली लागी तितली ले."

पावसाळ्यातल्या सकाळी ओल्या गोणपाटाने झाकलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन ती नाल्यापासून वरच्या पट्टीपर्यंत जायची. आपण दुधाला विरजण लावतो तसं तिला त्या मुरमाला लावायचं होतं. गावाला मात्र ती करमणूक झाली. भावाने जमीन घेतली आणि बहीण माती वाहते... पारावरचे म्हातारे तिला थांबवून टोपलीत काय आहे म्हणून विचारायचे. "पाहुना शेत," ती म्हणायची आणि पुढे चालू लागायची.

तिथे मात्र तिच्या हातून चूक झाली. वय पन्नाशीपुढे गेलेलं, नव्याने खड्डा भरून, मुरवून, वाट बघायला दम राहिलेला नव्हता. मेंढरं घेऊन फिरणारे ठेलारी त्या वर्षी गावाजवळ उतरले होते. त्यांची मेंढरं रात्री वावरात बसवायची, लेंड्या-मूत जमिनीत जातं, हा आमच्याकडचा जुना रिवाज. लोक एक-दोन रात्री बसवतात. फुईने त्या पातळ मुरमावर ती कितीतरी रात्री बसवली, आणि पावसाने ओढ दिली. कच्चं खत जमिनीत तापलं. ज्वारी हातभर येऊन करपली. मी सुट्टीत घरी होते. फुईने गोणपाट उचललं तर खाली वाळून वेटोळी झालेली गांडुळं, आणि बाकी काही हललं नाही. मी तिला रडताना पाहिलं ते तेव्हाच. "घाई करी मी," ती म्हणाली. "उपाशी मानूसपुढे तापेल अन्न ठेवं. तोंड भाजी गयं त्यास्नं."

मला तिची कीव आली आणि चीडही आली. मी म्हटलं, फुई, कशाला जीव काढतेस? ही पट्टी चांगली झाली की आबा हीही घेतील. तिने पदराने नाक पुसलं. "ठावकं शे माले," ती म्हणाली. "मंग काय करू? त्यास्ले उपाशी ठेवू?" त्या प्रश्नाने आजही माझी झोप उडते. तिने पुन्हा खड्डा भरला, पुन्हा नाल्याकडची माती आणली आणि या वेळी मुरू दिलं.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले तेव्हा आबांकडे विषय काढला होता. वरची पट्टी तिच्या नावावर करून द्या, तिचं म्हातारपण तरी स्वस्थ जाईल. आबा दुखावले. "नावले कसाले? मी काय तिले हाकली देस का?" फुई आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन मलाच म्हणाली, "भाऊले दुखाडू नको वं." आणि आषाढात ती त्याच पट्टीच्या बांधावर बसल्या बसल्या गेली.

प्रकाशा तीर्थावर तापीत अस्थी सोडून आलो, दहावा झाला. दुसऱ्या दिवशी आबा मला म्हणाले, चल, वर जाऊन येऊ. पट्टीत ते उकिडवे बसले, हाताने एक ढेकूळ फोडलं. आत गांडुळं होती, जाड, लालसर. आबांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, मी पाहिलं. हातातल्या मातीकडे बघत ते म्हणाले, "चांगली जमीन करी गयी मन्ही बहीण... आते हाई बी ऊसमा लई लेवूत." मी म्हटलं, आबा, ही मला द्या. ते चकित झाले. "तुले कसाले वं? तुले पगार शे." आणि धोतराला हात पुसून ते पाट कुठून काढायचा ते बघत बांधाकडे गेले.

मीही फुईसारखीच, लग्नाला वर्ष व्हायच्या आत माहेरी परतलेली. शिकले म्हणून निभावलं, आणि मला शाळेत घाला हे आबांशी भांडून ठरवलं तेही फुईनेच. आबांना वाचता येत नाही, पण रविवारी पारावर गुरुजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात आणि आबा पुढेच बसतात, हे मला माहीत आहे. हे मी त्याच वर्तमानपत्राला पाठवते आहे. गुरुजी, एवढं जरा सावकाश वाचा. आबा, वरची पट्टी मला पाहिजे. तोंडी नको, शहाद्याला कचेरीत जाऊन माझ्या नावावर पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीत मी येते आहे, तोवर बांध फोडू नका. तुम्ही दुखावले जाल, मला ठाऊक आहे. दुखावले जा.