स्लाऊला पांढऱ्या कपड्यांत लागलेलं लग्न

लंडनच्या हीथ्रो विमानतळाहून स्लाऊ अगदीच जवळ, पण तेवढ्या वाटेतही ताईनं मला पुन्हा बजावलं, "सीमा, पुढे तूच उभी राहा. मी आपली मागे बसेन." लग्न तिच्या पोटच्या पोरीचं, गार्गीचं. पण भावजी गेले तेव्हापासून ताई मंगलकार्यात पुढे येतच नाही. वाद घालून मी दमले होते.

गार्गीचा नवरा, हरजीत, नामधारी शीख. एकोणिसाव्या शतकात पंजाबात सुरू झालेला हा सुधारणेचा पंथ. हुंडा नाही, थाट नाही, दारू-मांस नाही, एवढं गार्गीनं फोनवर सांगितलं होतं. कपड्यांबद्दल मात्र कार्टी चकार शब्द बोलली नव्हती.

लग्नाच्या सकाळी मी जांभळी पैठणी, नथ, गजरा अशी नटून हॉलच्या दारात उतरले आणि गारच पडले. कपाळावर सपाट पगड्या बांधलेले पुरुष पांढऱ्यात, बायकाही पांढऱ्यात. घाईघाईनं गजरा उपसून पर्समध्ये कोंबला आणि गार्गीला फोन लावला. "अगं, कोण गेलं?"

"कोणी नाही गं मावशी. सगळे लग्नालाच आलेत, रिलॅक्स. मी पण व्हाइटच घातलंय."

आत खरोखरच नवरी पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये, वर लोई (पांढरी शाल). गळ्यात सोनं नाही, हातात हिरवा चुडा नाही. त्यात मधोमध अग्नी एकच आणि लग्नाला बसलेली जोडपी चार! खर्च नको म्हणून यांच्यात लग्नं अशी एकत्रच लागतात.

ताई शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून पाहुण्यांचं हवं-नको बघणारी हरजीतची आजी तिच्यापाशी येऊन थांबली. "माँ पिच्छे क्यों बैठी ऐ?" (आई मागे का बसलीय?)

मी हळूच हिंदीत म्हटलं, "इनके पति नहीं रहे."

"मेरे वी नहीं रहे," आजी म्हणाली आणि तिनं ताईचा हात धरला.

ही बाई विधवा आहे, हे मला कळलंच नव्हतं. कळणार तरी कसं? सवाष्ण कोण आणि विधवा कोण, हे तिथे कपड्यांवरून ओळखूच येत नव्हतं.

आजीनं ताईला थेट अग्नीपाशी नेऊन बसवलं. लावां (फेरे) सुरू झाले. दर फेऱ्याला गार्गी आईकडे बघत होती आणि ताई पदरानं डोळे पुसत होती. मी पैठणी सावरत मागे बसले, आ वासून.

पुण्याला परतलो तर फोटो आमच्याआधी पोचले होते. भेटायला आलेल्या काकूंनी नवरीच्या पांढऱ्या कपड्यांवर नाक मुरडलं आणि मग मला विचारलं, "आईला पुढे कसं बसवलंत गं?" स्लाऊला मला बसलेला धक्का पांढऱ्या रंगाचा होता, असं मी तोवर समजत होते. खरं तर तो विधवेला मागे बसवणाऱ्या आमच्याच घराचा होता.

मी तोंड उघडायच्या आत ताई बोलली. "पुढच्या महिन्यात तुमच्या नातीचं लग्न आहे ना, काकू? तिला पहिली हळद मी लावणार. ज्यांना चालणार नाही, त्यांनी मागे बसावं."