फेट्याखालची तार

फिजिओथेरपीत वीस वर्षं काढली की किस्से शोधावे लागत नाहीत, आखडलेला खांदा धरून ते स्वतःच आत येतात. आमची खोली कोल्हापुरात, शिवाजी पेठेच्या तोंडाशी. एक खुर्ची, शेकाचं शॉर्टवेव्ह मशीन आणि दाराशी स्टीलची परात. मशीन लावण्याआधी अंगावरचा सगळा धातू परातीत! नाहीतर तो तापतो आणि कातडी भाजते.

*

एक पैलवान ताईत काढेना, वस्तादांनी बांधलेला म्हणून. शेवटी वस्तादांनाच बोलावलं. शेक संपेपर्यंत ते ताईत मुठीत धरून दाराबाहेर उभे होते.

*

एक काकू मंगळसूत्रावर अडल्या. सोबत आलेले काका वैतागले. "मी हाय न्हवं हितं समोर? काढ."

*

दोन हजार सालानंतर कधीतरी आमच्या मॅडम ट्रेनिंगहून आल्या आणि भिंतीवर सूचना लावली. कंपवातासाठी काहींच्या मेंदूत तार बसवतात, बॅटरी छातीत. आपल्या मशीनच्या लहरी त्या तारेत शिरल्या तर टोक तापतं आणि भोवतालचा मेंदू भाजतो. "बाहेर फोडसुद्धा दिसत नाही," मॅडम म्हणाल्या, "माणूस उठतच नाही."

मी मनात हसलो. असला पेशंट आमच्याकडं कुठला यायला!

*

मुरगूडचे आण्णा आले, वय सत्तर, उजवा खांदा आखडलेला. घड्याळ, अंगठी, किल्ल्या, सगळं परातीत गेलं. फेटा तेवढा राहिला. वडीलधाऱ्या माणसाला डोकं उघडं करा म्हणायची आमच्याकडं रीत नाही. बाहेर गर्दी होती, त्यामुळं आधीचं ऑपरेशन विचारायचंही राहून गेलं.

खांद्याला पॅड लावले, बटणावर हात ठेवला आणि सवयीनं म्हणालो, "आता हलायचं नाही हं, आण्णा."

आण्णांनी डावा हात माझ्यासमोर धरला. "हलतोय काय, बघा की. आधी चहाची बशी धरता येत न्हवती. मुंबईत डोक्यात तार घातली, तवापास्नं दगडागत हाय."

बटण अजून फिरवलं नव्हतं. पॅड ओढून काढले, प्लग उपटला, आणि प्लग हातात घेऊनच मी स्टुलावर बसलो. थोड्या वेळानं पाण्याचा ग्लास उचलला, तर निम्मं पाणी शर्टावर सांडलं.

आण्णा माझ्या हाताकडं बघत होते. त्यांना खरंच काळजी वाटली असावी. जवळ सरकून हळूच म्हणाले, "डॉक्टर, तुमीबी एकदा मुंबईला जाऊन या की."